वैद्यकीय महाविद्यालयाचे मासिक वार्तापत्र : वर्षभर वाचल्यानंतरचा अभिप्राय

ऐरोलीतील आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या भागातील एका वैद्यकीय महाविद्यालयाचे वार्तापत्र येते. आठ पानांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते आणि त्याच अंकाच्या छापील प्रती महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात, केस पेपर काढण्याच्या खिडकीशेजारी ठेवलेल्या असतात. पहिल्या चार पानांवर परिसरातील महिनाभराच्या बातम्या, पुढच्या दोन पानांवर विद्यार्थ्यांचे लेखन, सातव्या पानावर येत्या महिन्यातील कार्यक्रम आणि शेवटच्या पानावर रुग्णालयातील सेवांचे दूरध्वनी क्रमांक अशी त्याची मांडणी असते. वर्गणी काही नाही. ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात आता अनेक वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मी ज्या महाविद्यालयाविषयी लिहीत आहे, त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि एका कुटुंबाला आलेल्या अनुभवावरून कोणी त्या संस्थेविषयी कायमचे मत करून घ्यावे, असे मला वाटत नाही.

हे वार्तापत्र प्रथम आमच्या घरात आणले ते माझ्या सासऱ्यांनी. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. रक्तदाब तपासायला रुग्णालयात गेले की ते छापील अंक घेऊन येत, आणि त्यातील देहदानाविषयीचे एक पान त्यांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवले होते. त्या पानाचे मोल आम्हाला ते गेले त्या रात्री कळले. देहदानाचा अर्ज भरला की सगळे झाले, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, डॉक्टरांचे मृत्यूचे प्रमाणपत्र लागते, पोलिसांकडे नोंद होणारा मृत्यू असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर देह स्वीकारला जात नाही, आणि वेळ फार थोडा असतो, हे सर्व त्या पानावर साध्या मराठीत लिहिलेले होते. देहदानाबरोबर नेत्रदानही करता येते. त्यासाठी पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा आणि मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे, हेही त्यात होते. रात्री अडीच वाजता माझ्या यजमानांनी कपाट उघडले आणि त्या पानावरचा क्रमांक लावला. दुसऱ्या प्रयत्नात फोन उचलला गेला. सकाळी आठच्या आत नेत्रपेढीचे लोक येऊन गेले आणि त्यानंतर शववाहिका आली. एखाद्या छापील पानाने घरातल्या गोंधळलेल्या माणसांना हाताला धरून इतके नीट चालवावे, असे मी त्याआधी पाहिलेले नव्हते. त्यानंतर महाविद्यालयाने आमचा क्रमांक आपल्या यादीत घेतला आणि मी प्रत्येक अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचू लागले.

अंकातील सर्वांत उपयोगी पान सातवे आहे, आणि सर्वांत निष्काळजीपणे केलेलेही तेच आहे. येत्या महिन्यात काय होणार, हे त्यात तारीखवार दिलेले असते. परंतु त्यातील कोणत्या कार्यक्रमाला बाहेरच्या माणसाने यावे, कोणता केवळ विद्यार्थ्यांसाठी आणि कोणता डॉक्टरांसाठी आहे, याचा उलगडा होत नाही. सगळे एकाच ओळीत, एकाच टाइपात आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असते. याचे एक उदाहरण मला सविस्तर सांगायचे आहे, कारण त्यात या महाविद्यालयाचे सर्वांत चांगले कामही दिसते.

देशभरातील एमबीबीएसचा अभ्यासक्रम २०१९ पासून बदलला आणि पहिल्या वर्षाच्या आरंभी विद्यार्थ्यांसाठी फाउंडेशन कोर्स आला. त्यात प्रथमोपचार, रुग्णाशी बोलण्याची रीत, संगणक यांबरोबर स्थानिक भाषाही शिकवायची असते. बाहेरच्या राज्यांतून येथे आलेल्या मुलांना मराठीचा सराव व्हावा म्हणून या महाविद्यालयाने परिसरातील ज्येष्ठ नागरिकांना आठवड्यातून दोन तास येऊन गप्पा मारण्याचे आवाहन केले होते. माझी सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली, त्यामुळे मी लगेच नाव दिले. पहिल्या दिवशी माझ्यासमोर केरळचा एक, राजस्थानच्या दोन आणि हैदराबादची एक अशी चार मुले वह्या उघडून बसली होती. त्यांना ‘वेदना’ हा शब्द ठाऊक होता, पण वेदना झाली म्हणून ओपीडीत कोणी ‘मला वेदना होत आहे’ असे सांगत नाही. आमच्याकडचा माणूस ठणका लागलाय म्हणतो, चमक मारते म्हणतो, पोटात मुरडा येतो, छातीत जळजळतं, अंगात कणकण आहे, पायाला गोळे येतात, हाताला मुंग्या येतात, डोकं जड झालंय, जीव घाबरा होतो असे सांगतो. त्यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळ्या दिशेला नेतो. ठणका म्हटले की आत पू धरला आहे का, हे पाहावे लागते. गोळे आणि मुंग्या यांतील फरक कळला नाही, तर स्नायूचे दुखणे कोणते आणि नसेचे कोणते, हे पहिल्या पायरीलाच चुकते. छातीत जळजळणे हे अनेकदा पित्ताचे असते, आणि कधीकधी हृदयाचेही असते. म्हणून ‘जळजळ’ ऐकून औषध देऊन परत पाठवायचे नाही, हे त्यांच्या शिक्षकांनी त्याच बैठकीत मुलांना सांगितले. दोन महिन्यांनी केरळचा मुलगा मला म्हणाला, “मॅडम, आज एका आजींनी अंगात कसर आहे म्हणून सांगितलं आणि मला कळलं.” मला मनापासून आनंद झाला.

या उपक्रमाला माझ्याव्यतिरिक्त दोनच नागरिक आले. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. आवाहन सातव्या पानावर, डॉक्टरांच्या दोन परिषदांच्या मध्ये, इंग्रजीत तीन ओळींत छापले होते. ‘मराठी बोलणारे ज्येष्ठ नागरिक हवे आहेत’ हे वाक्य मराठीत कुठेच नव्हते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे येथील ज्येष्ठ नागरिक कट्ट्यांवर सकाळ-संध्याकाळ बसणारी माणसे हौसेने आली असती. वाशीच्या भाजी बाजारात आयुष्य काढलेले आणि शेतातून व खाडीतून आलेले लोक आले असते, तर मुलांना पुस्तकाबाहेरच्या आणखी किती तऱ्हेच्या बोली कानांवर पडल्या असत्या.

दुसरा अनुभव दुःखाचा आहे. १५ ऑक्टोबर हा जागतिक शरीररचनाशास्त्र दिन म्हणून पाळला जातो. माणसाच्या देहाचे स्वतः विच्छेदन करून त्याची रचना मांडणाऱ्या व्हेसेलियसचा १५६४ मध्ये मृत्यू झाला, त्याच्या स्मरणार्थ ही तारीख निवडली गेली. त्याच्या आगेमागे महाविद्यालय देहदात्यांच्या कुटुंबीयांना बोलावून कृतज्ञता व्यक्त करते. गेल्या वर्षी वार्तापत्रात रविवारची तारीख आणि सकाळी साडेदहाची वेळ छापून आली. त्या दिवशी ट्रान्सहार्बर मार्गावर मेगाब्लॉक होता, म्हणून आम्ही घरून लवकर निघालो आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंना रिक्षाने घेऊन पोहोचलो. सभागृहाला कुलूप होते. राखणदार भला माणूस होता, तो म्हणाला, “मावशी, कार्यक्रम पुढच्या शनिवारवर गेलाय. आत बोर्डावर लावलंय की.” तो बोर्ड शरीररचनाशास्त्र विभागाच्या आतल्या व्हरांड्यात होता. तेथे विद्यार्थ्यांशिवाय कोणी जात नाही. आमचा क्रमांक महाविद्यालयाच्या यादीत असताना आणि अंक त्याच क्रमांकावर येत असताना दोन ओळींचा निरोप कोणी पाठवला नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून आणलेला मोगऱ्याचा गजरा बंद दाराच्या कडीला अडकवला आणि आम्ही परतलो. सोमवारी मी कार्यालयात फोन केला, तेव्हा तिथल्या बाईंनी मनापासून क्षमा मागितली, हेही मला नोंदवलेच पाहिजे.

शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. पांढरे ॲप्रन घातलेली मुले दोन्ही बाजूंना उभी होती. विच्छेदनाच्या पहिल्या तासाआधी घ्यायची शपथ त्यांनी आमच्यासमोर पुन्हा म्हटली : या देहाचा मान राखू, त्याची छायाचित्रे काढणार नाही, त्याविषयी थट्टेने बोलणार नाही, आणि त्याच्याकडून जे शिकू ते रुग्णांच्या कामी लावू. कार्यक्रमानंतर एक मुलगी सासूबाईंजवळ येऊन बसली. “आजी, टेबलावर कोण असतं ते आम्हाला सांगत नाहीत,” ती म्हणाली, “म्हणून आम्ही रोज सगळ्यांनाच नमस्कार करतो.” सासूबाईंनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही. पुढच्या महिन्याच्या अंकात या कार्यक्रमाची बातमी अर्धे पान होती. दीपप्रज्वलन कोणी केले, व्यासपीठावर कोण कोण होते, स्वागत कोणी केले, आभार कोणी मानले हे सर्व त्यात होते. कुटुंबीयांविषयी एकच वाक्य होते : देहदात्यांच्या कुटुंबीयांचा सत्कार करण्यात आला. शपथेतील एक शब्दही नव्हता. देहदानाचा विचार करणाऱ्या घरात सर्वांत मोठी शंका असते ती हीच, की आपल्या माणसाच्या देहाशी तिथे कसे वागतील. ती शपथ जशीच्या तशी छापली असती, तर ज्या घरात एक जण तयार आहे आणि बाकीचे घाबरत आहेत, तिथे तिचा किती उपयोग झाला असता. १९४९ चा कायदा बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळावेत यासाठी करावा लागला. आज माणसे स्वतःहून देह देत आहेत, तर त्यांना खरोखर घडलेली गोष्ट सांगणे हे वार्तापत्राचे पहिले काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

हीच उणीव रक्तदान शिबिरांच्या बातम्यांत दिसते. १४ जून हा रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस, म्हणून त्या दिवशी शिबिर. १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन, म्हणून त्या दिवशी शिबिर. आणि दोन्ही वेळा बातमीत बाटल्यांचा आकडा व पाहुण्यांची नावे. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि पूर्वीपासून नियमित रक्तदान करत आले आहे, म्हणून मला अजून रक्त देता येते. साठीनंतर पहिल्यांदाच येणाऱ्याचे रक्त घेत नाहीत. जूनच्या शिबिरात माझ्या पुढे उभ्या असलेल्या चार मुलींना परत पाठवले गेले, कारण हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली होते. त्या रांगेतून परतल्या आणि कोणत्याही बातमीत आल्या नाहीत. त्या मुलींना पुढे काय सांगितले गेले, लोहाच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, पुन्हा कधी तपासायचे, हे छापणे बाटल्यांच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. सूचनेत वजन किमान ४५ किलो हवे, पुरुषांनी ९० दिवसांनी आणि स्त्रियांनी १२० दिवसांनीच पुन्हा रक्त द्यावे, उपाशीपोटी येऊ नये, एवढे जरी दिले तरी कितीतरी लोकांची खेप वाचेल. एक शिबिर तर श्रावणातल्या सोमवारी ठेवले होते, आणि सकाळपासून उपास धरलेल्या बायका तपासणीच्या टेबलावरूनच घरी परतल्या.

शिबिरे दिनविशेषांना बांधून ठेवण्यालाही माझा आक्षेप आहे. रक्ताचा तुटवडा पडतो तो मे महिन्यात आणि दिवाळीत, कारण तेव्हा महाविद्यालये बंद असतात, लोक गावी जातात आणि शिबिरे होत नाहीत. लाल पेशी साठवणीच्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की प्लेटलेट्स लागतात, आणि त्या जूनमध्ये जमवून ठेवता येत नाहीत. वार्षिक परीक्षा आणि सुट्ट्यांचे वेळापत्रक महाविद्यालयाजवळ असतेच. त्यावरून रिकामे पडणारे आठवडे ओळखून त्यांची सूचना दोन महिने आधी द्यायला हवी.

डॉक्टरांसाठीच्या सूचनांविषयी मला फारसे लिहायचे नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचे नूतनीकरण करताना डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात, म्हणून सीएमईच्या, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांच्या, तारखा त्यांना हव्याच असतात. आमच्या सेक्टरमधील फॅमिली डॉक्टरांना हे वार्तापत्र ठाऊकच नव्हते; मी अंक पाठवू लागल्यापासून ते मधुमेहावरच्या दोन कार्यक्रमांना जाऊन आले आणि विषय व व्याख्याते चांगले होते असे म्हणाले. त्या सूचना वेगळ्या चौकटीत टाकल्या, तर सामान्य वाचकाचीही सोय होईल.

विद्यार्थ्यांची दोन पाने मात्र मी कोणालाही वाचायला देईन. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे गावातील काही कुटुंबे सोपवली जातात आणि तो ठरावीक काळाने त्यांच्या घरी जातो, अशी योजना अलीकडच्या अभ्यासक्रमात आहे. पनवेल तालुक्यातील एका वाडीवर जाणाऱ्या मुलाने लिहिलेला मजकूर मला विशेष आवडला. पहिल्या भेटीत घरच्या बाईने त्याला रक्तदाब तपासू दिला नाही, दुसऱ्या भेटीत चहा दिला, तिसऱ्या भेटीत स्वतःहून सासूला पुढे केले, एवढेच त्यात होते. कुटुंबाचे नाव, गावाचे नाव, आजाराची ओळख पटेल असे काहीही नव्हते, आणि हा विवेक मला फार मोलाचा वाटला. पावसाळ्याच्या अंकात सर्पदंशावर एका मुलीने लिहिले होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडच्या चार विषारी सापांवर मिळून एकच प्रतिविष दिले जाते, त्यामुळे साप पकडून आणण्यात वेळ घालवू नये. दंशाच्या जागी चिरा देऊ नये, दोरी आवळू नये. मण्यार रात्री झोपेत चावते आणि दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही, म्हणून पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे अशी लक्षणे दिसली की तडक रुग्णालय गाठावे. हा मजकूर वाडीवस्तीवर भित्तिपत्रक म्हणून लावण्याच्या योग्यतेचा आहे. तो सहाव्या पानाच्या तळाशी होता, आणि पहिल्या पानावर क्रिकेट स्पर्धेचा चषक होता.

मार्चच्या अंकात आनंदीबाई जोशी यांच्यावर लेख आला. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच गेल्या, हे सर्व त्यात नीट होते. पण त्यांचा जन्म कल्याणचा, दहा दिवसांचे मूल गमावल्याचे दुःख त्यांना चौदाव्या वर्षी भोगावे लागले, हे लेखात नव्हते. ठाणे जिल्ह्यात छापल्या जाणाऱ्या आणि निम्म्याहून अधिक मुली शिकत असलेल्या वर्गांत वाचल्या जाणाऱ्या अंकाने कल्याणचे नाव गाळायला नको होते.

छपाई स्वच्छ आहे, परंतु अक्षर बारीक असल्याने ओपीडीत बसलेल्या वयस्कर माणसाला ते वाचवत नाही. आठ पानांपैकी मराठी मजकूर दोन पानांच्या वर जात नाही. ज्या रुग्णालयाच्या बाकांवर बहुसंख्य लोक मराठी बोलतात, तिथे हे प्रमाण उलटे असावे, अशी विनंती मी दोनदा लेखी कळवली आहे.

नुकताच नवा अंक आला. सातव्या पानावर देहदात्यांच्या कुटुंबीयांच्या कार्यक्रमाची सूचना आहे, आणि ती या वेळी मराठीत आहे. कार्यक्रम शनिवारी सकाळी आहे, सभागृह तळमजल्यावर आहे, कुटुंबीयांबरोबर शेजारी आणि मित्रही येऊ शकतात, वेळेत बदल झाल्यास नोंदवलेल्या क्रमांकावर निरोप पाठवला जाईल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ते पान मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी ते कापून घेतले आणि कपाटाच्या दारावर, अण्णांनी लावलेल्या पानाच्या खाली चिकटवले.